प्लग घट्ट होता, बशीर

बशीर,

गेल्या आठवड्यात सोमवारी तुझ्या गॅरेजमध्ये आपल्या गाडीखाली झोपलो. गुडघे आता वाकत नाहीत. आधी खाली बसलो, मग कुशीवर झालो, मग पाठीवर. गोणपाट अंथरलं होतं तरी फरशी गार लागत होती. बॅटरीचा उजेड पाडून इंजिनाच्या तळाला, तेलाच्या चेंबरला जो प्लग असतो, त्याला पाना लावला. हलला नाही. पुन्हा जोर लावला, तरी नाही. मग नीट बघितलं तर प्लगच्या डोक्यावर तू ओढलेली पिवळ्या रंगाची रेघ दिसली, आणि ती चेंबरवरच्या रेघेला बरोबर जुळत होती. तू आवळल्यापासून तो प्लग केसभरही फिरला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी तुझ्याच दारात, चार माणसांसमोर मी म्हणालो होतो की तू प्लग सैल ठेवलास, म्हणून तेल गेलं आणि इंजिन जाम झालं.

प्लग घट्ट होता, बशीर. हे मी सांगतोय तेव्हा तुला जाऊन महिना झालाय.

तुझ्याबद्दल चार शब्द बोला म्हणून तुझा धाकटा भाऊ मागं लागला होता. मला जमलं नाही. कुठं जन्मला, किती वर्षं आष्ट्यात गॅरेज चालवलं, हे गावाला माहीत आहे. मला जे सांगायचं आहे ते गावाला सांगायचं नाही, तुला सांगायचं आहे. म्हणून वहीत लिहितोय.

सांगलीत आयटीआयला आपण एका बाकावर होतो. मी कुंडलचा, तू आष्ट्याचा. इंजिन उघडायला दोघांत एक मिळायचं आणि तू कायम खालच्या बाजूला असायचास. "शंकर, तू वरचं बघ, मला खालनं बघू दे. इंजिन खालनं खरं बोलतं." मी फौजेत गेलो, अठ्ठावीस वर्षं साहेबांच्या गाड्या दुरुस्त केल्या. तू इथंच राहिलास. प्रत्येक सुट्टीत मी पहिल्या दिवशी घरी आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडं. सुनंदा म्हणायची, "तुमची दुसरी सासुरवाडी आष्ट्याला हाय."

सुनंदा गेली, पोरगा पुण्याला. मी कुंडलच्या घरात भिंतीकडं बघत बसू लागलो. तू आलास, बसलास, गेलास. आठ दिवसांनी फोन केलास, "मिरजेत एक विलायती गाडी उभी हाय. दोन माणसांची, छप्पर निघतंय. मालक म्हातारा इंजिनिअर, त्याला ती चालू झालेली बगायची हाय. मला एकट्याला जमायची न्हाई. तू येतोस का न्हाई ते सांग."

मी आलो. शेडमध्ये ती गाडी निळ्या रंगाची होती असं अंदाजानंच म्हणायचं, एवढा गंज. चारही टायर जमिनीला चिकटलेले, सीटमध्ये उंदरांचं घर. आपण ती टोचन करून आष्ट्याला आणली आणि चार वर्षं तिच्यात घातली. सोमवार आणि गुरुवार माझे. मी एसटीनं यायचो, तुझ्याकडं जेवायचो, संध्याकाळी परत. पार्ट मिळायचे नाहीत, तू लेथवर करून घ्यायचास. म्हातारबुवांनी ती चालू झालेली बघितली, एक चक्कर मारली आणि म्हणाले, आता तुम्हीच ठेवा.

मला वाटायचं, तुला त्या गाडीची हौस आहे. आत्ता, तुझ्या रिकाम्या गॅरेजमध्ये बसल्यावर कळतंय, तुला कसली आलीय हौस. तुझ्याकडं ट्रॅक्टरची रांग लागलेली असायची. स्पोर्ट्स कारमध्ये बसायला तुझं पोट आड यायचं. ती गाडी तू माझ्यासाठी आणलीस. मला घराबाहेर काढायला आणलीस, आणि मदतीला माणूस पाहिजे असं खोटं सांगितलंस. हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि तूही कबूल केलं नसतंस.

आता त्या रविवारकडं येतो.

साताऱ्यात माझ्या जुन्या पलटणीतल्या सोबत्यांचा मेळावा होता. अकराला हॉटेलच्या दारात सगळे उभे राहणार होते. मी सांगून ठेवलं होतं, माझी गाडी घेऊन येतो. माझी गाडी. साहेबांच्या गाड्या धुण्या-पुसण्यात जन्म गेलेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून उतरणार होता. तू सोबत येणार होतास, पण वहिनींच्या भाचीचं लग्न निघालं.

आदल्या गुरुवारी आपण तेल बदललं होतं. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॉल्यांची रीघ. तू खाली होतास. जुनं तेल काढलंस, प्लग आवळलास, रेघ ओढलीस. मग जुना ऑइल फिल्टर फिरवून काढलास. तेवढ्यात एक ट्रॅक्टर दारात येऊन बंद पडला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, रस्ता अडला, हॉर्न सुरू झाले. तू हात पुसत उठलास. "तेवढा फिल्टर बसव रं," म्हणालास आणि गेलास. मी नवा फिल्टर घेतला, त्याच्या रबरी रिंगेवरून तेलाचं बोट फिरवलं आणि बसवला.

निघताना तू खिडकीत वाकून म्हणालास, "कराडला थांबून तेलाची पट्टी बग. आनि दिवा लागला तर आदी थांबायचं, इचार मागनं करायचा." तेलाच्या दाबाचं मूळचं मीटर मेलेलं होतं; त्याच्या जागी तू ट्रॅक्टरचा लाल दिवा बसवला होतास. दाब गेला की लागणार.

कराडला मी थांबलो नाही. गाडी इतकी सुरेख चालली होती. पेठ नाक्याला हायवेला लागलो आणि छप्पर काढलेल्या गाडीत वारा असा तोंडावर येत होता की मी साठी ओलांडलेला माणूस एकटाच हसत होतो. मोटरसायकलवरची माणसं अंगठा दाखवत होती. उंब्रज मागं पडलं. नागठाण्याच्या पुढं दिवा लागला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दिवा लागला होता, बशीर.

आधी क्षणभर लागला आणि विझला. मी डॅशबोर्डवर बोटानं टकटक केली, वायर हलली असेल म्हणून. परत लागला, आणि तसाच राहिला. लालभडक. मागून जळक्या तेलाचा वास आला. अठ्ठावीस वर्षं मी नव्या भरतीच्या माणसांना हेच शिकवलं होतं, तेलाचा दिवा लागला की किल्ली बंद, पुढचा प्रश्न नाही. मी घड्याळात बघितलं. अकराला दहा कमी. मनात म्हणालो, दहा-बारा किलोमीटर तर राहिलं. हळू नेतो. दारात पोचून बंद करतो.

म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. मला पोचायचं होतं.

शेंद्रेच्या अलीकडं खालून खटखट सुरू झाली. मग ती मोठी झाली, कुणी आतून हातोडा मारावा तशी. आणि मग एक दणका, चाकं जागीच आवळली, गाडी कडेला घसरत थांबली. मागच्या रस्त्यावर लांबपर्यंत तेलाची काळी रेघ पडलेली होती.

तू लग्नातून उठून, दुसऱ्याचा पिकअप घेऊन आलास. नव्या शर्टाच्या बाह्या वर करून आधी पट्टी काढलीस. कोरडी. खाली वाकून बघितलंस. मी लांब उभा राहून साताऱ्याच्या सोबत्यांना फोनवर काहीतरी थापा मारत होतो, तुझ्याकडं पाठ करून. फोन संपवून आलो तेव्हा तू ड्रायव्हरच्या सीटवर बसला होतास. मला म्हणालास,

"दिवा लागला हुता का रं?"

मी म्हणालो, "न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. "बरं," म्हणालास. आष्ट्यापर्यंत एक शब्द बोलला नाहीस.

त्या गप्प बसण्यानंच मला राग आला. खोटं बोललेल्या माणसाला गप्प माणसाचा फार राग येतो. गाडी उतरवताना मी म्हणालो, "प्लग सैल ठिवलास तू. घाई तुला. ट्रॅक्टर दिसला की तुझं डोकं तिकडं." शेजारचे वेल्डिंगवाले, तुझा भाऊ, आणखी दोघं उभे होते.

"चाळीस वर्सांत माझा प्लग कवा सैल राहिलाय?"

"मग तेल कुठनं गेलं? आनि तुझा दिवाबी लागला न्हाई."

तेव्हा तू जे म्हणालास ते माझ्या कानातून अजून जात नाही. आवाज चढवला नाहीस. "प्लग सैल, तर प्लग माझा. दिवा खराब, तर दिवा माझा. मग त्या गाडीत तुझं काय हुतं, शंकर?"

मी एसटी पकडली आणि कुंडलला आलो.

पुढं किती सोमवार आणि किती गुरुवार गेले. सकाळी मी अंघोळ करून तयार व्हायचो. सवय. मग खुर्चीत बसायचो. फोन उचलायचो आणि ठेवायचो. मला वाटायचं, करेल तो. चिडलाय, पण करेल. पंचवीस-तीस किलोमीटर काही सातासमुद्रापार नव्हतं. तासाभराची एसटी. पाडवा गेला, ईद गेली. ईदेला मी कधी चुकलो नव्हतो. तुझ्या घरून शिरखुर्म्याचा डबा आला, कडेगावला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी खाल्ला. डबा धुऊन पुसून ठेवला, आणि परत द्यायला यायचं म्हणून ठेवूनच दिला. निमित्त होतं हातात. तेही वापरलं नाही.

गणपती झाले आणि तुझ्या भावाचा फोन आला. "शंकरदादा, लवकर या," एवढंच. मी आलो तेव्हा तुला बाहेर काढत होते. मला खांदा मिळाला, पाच-सहा पावलं. कबरीवर तीन मुठी माती टाकली. सगळे दुआ मागत होते. मला त्यातलं काही येत नाही. मी नुसते हात पुढं धरले. बाजूच्या एका म्हाताऱ्यानं हळूच सांगितलं, "मनात म्हना. चालतंय." मनात काही आलं नाही. मनात फक्त तो प्लग होता.

वीस दिवसांनी वहिनींचा फोन आला. गॅरेज भाड्यानं द्यायचं ठरलंय, गाडीचं काय ते तुम्हीच बघा. म्हणून आलो. शटर उघडलं तर ताडपत्रीखाली गाडी तशीच होती, आणि इंजिनाच्या नटबोल्टवर आठ महिन्यांची धूळ. एकही पाना लागलेला नव्हता. तू तिला हातही लावला नव्हतास. मला वाटलं, रागानं.

प्लग घट्ट निघाल्यावर मी तुझ्यासारखाच खालून वर बघत गेलो. वाळलेलं तेल कुठून ओघळलंय त्याचा माग काढला. चेंबर वरपर्यंत माखलेलं, पण ओघळ सुरू होत होता फिल्टरपासून. फिल्टर हातानंच फिरवून काढला.

रिंगा दोन होत्या. एक नव्या फिल्टरची. दुसरी जुन्या फिल्टरची, इंजिनाला चिकटून राहिलेली, एका बाजूनं चेपून बाहेर आलेली. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग वरच राहिली, तुझं लक्ष ट्रॅक्टरकडं गेलं. आणि मी नवा फिल्टर त्या रिंगेवरच आवळला. बसायच्या जागेवरून एकदा बोट फिरवायचं असतं. मी फिरवलं नाही, कारण काढणारा बशीर होता. गॅरेजमध्ये गाडी चालू करून बघितली तेव्हा दोन रिंगांनी दाब सोसला. हायवेला इंजिन तापलं, दाब वाढला, रिंग सरकली आणि सगळं तेल पाच मिनिटांत रस्त्यावर गेलं.

पुढच्या गुरुवारी चेंबर खोललं. तळाला चमकणारा कीस, जरीच्या काठासारखा. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग फिरून वितळलेलं, क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, तिथं निळा-काळा रंग चढलेला. बाकीची बेअरिंगं तांब्यापर्यंत झिजलेली. तू असतास तर बोट लावून सांगितलं असतंस, हे एका मिनिटाचं काम न्हाई, गड्या, ही गाडी कोरडी चाललीय. तेल गेलं म्हणून इंजिन मेलं नाही. लगेच थांबवली असती तर दुसरा फिल्टर, नवं तेल, आणि संध्याकाळी घरी. इंजिन मेलं ते पुढच्या त्या किलोमीटरांनी.

वहिनी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. गॅरेजच्या मागच्या दाराआडून बोलतात. मला फक्त आवाज येतो. मी हात पुसत असताना त्यांनी विचारलं, "भावजी, सापडलं का काय?"

"सापडलं वैनी."

"प्लग घट्टच असंल न्हवं?"

मी विचारलं, "तुमाला कसं म्हाईत?"

"दुसऱ्याच दिवशी त्येनी खाली शिरून बगितला की. रेघ जुळतीया म्हणाले. मी म्हणलं, मग फोन करा भावजींना, सांगा. तर म्हणाले, न्हाई. तो येऊ दे. दोघं मिळून उगडू. मी एकट्यानं उगडली तर म्हणंल, पुरावा बदलला." दाराआड त्या थोडं हसल्या, आणि मग हसणं मधेच थांबलं. "दर सोमवारी, गुरवारी शटरकडं तोंड करून बसायचे, आवं. गिऱ्हाईक आलं तरी खुर्ची हलवू द्यायचे न्हाईत."

मला वाटलं होतं, तू रागानं हात लावला नाहीस.

मी म्हणालो, "वैनी, दिवा लागला हुता. मी खोटं बोललो."

त्या म्हणाल्या, "व्हय. त्येंना म्हाईत हुतं. तुमी फोनवर हुता तवा त्येनी किल्ली फिरवून बगितली. दिवा लागला. चांगला लागतोय म्हणाले घरी आल्यावर."

"मग बोलला का न्हाई?"

"मीबी तेच इचारलं. म्हणाले, त्याचं तो सांगंल. त्याला सांगायला जागा ठिवली पायजे."

सात महिने तू जागा ठेवलीस, बशीर. मी त्या जागेत आलो नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पर तेल गेलं कशानं?"

मी म्हणालो, "फिल्टर मी बसवला हुता. नीट न्हाई बसवला."

आता तुला खरं सांगतो. चूक अर्धी तुझी होती. रिंग वर राहिली ती तुझ्या हातानं, खाली दबली ती माझ्या हातानं. तू ट्रॅक्टरकडं पळाला नसतास तर तुझं बोट फिरलं असतं. पण वहिनींना मी ती सगळी माझी म्हणून सांगितली. या भांडणात एवढी एकच गोष्ट होती जी तुला माहीत नव्हती आणि मला कळली. जिवंत असतास तर या एका रिंगेवरून मी तुला महिनाभर छळलं असतं. तूही ऐकलं नसतंस. म्हणाला असतास, काढनाऱ्याचं काम काढायचं, बसवनाऱ्याचं काम बगायचं. मी म्हणालो असतो, आधी काढणाऱ्यानं बघायचं. वहिनींनी दोघांनाही जेवायला हाक मारली असती.

माझ्याकडं मुद्दा आहे आणि भांडायला माणूस नाही. एवढं एकटं मला सुनंदा गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तू आला होतास.

पाच दिवस लागले इंजिन बाहेर काढायला. साखळीची पुली तुझ्या भावानं धरली. चांगला माणूस आहे, पण "हळू" म्हटलं की थांबतो आणि "थांब" म्हटलं की हळू करतो. तुला मी काही म्हणायची गरजच पडायची नाही. दोन वेळा मी गाडीखालून हात बाहेर काढून पाना मागितला आणि हात तसाच राहिला.

आज सकाळी क्रँक गोणपाटात गुंडाळून सांगलीला घेऊन गेलो, आपल्या नेहमीच्या ग्राइंडिंगवाल्याकडं. आजपर्यंत तिथं कायम तूच गेलेला. मी दोनदा गेलो असेन, तेही बाहेर उभा, पण तुझ्याबरोबर त्यानं मला बघितलेलं. त्यानं क्रँक फिरवून बघितली, निळ्या डागावर नख ओढलं आणि मान हलवली. "लय जाळलीय. पन निगंल. घासून बारकं बेअरिंग घालावं लागंल."

मग चिठ्ठीचं पुस्तक ओढलं आणि मला न विचारताच नाव लिहिलं. बशीर, आष्टा.

तू गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. त्यानं चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली आणि मशीनकडं वळत म्हणाला, "बशीरभाईंना म्हणावं, चार दिवसांनी या."

मी म्हणालो, "सांगतो."